सीनियर लिव्हिंगमधले अकरा महिने

आम्ही दोघं ज्येष्ठांसाठीच्या या वसाहतीत राहायला आलो त्याला आता अकरा महिने झाले. यांचं वय 74, माझं 70. यांचा एक गुडघा बदललेला आहे, मला बीपीची एक गोळी. बाकी आपापलं सगळं करता येतं. आल्या आल्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले, कसं आहे, आम्हीही चौकशी करू का? तेव्हा मी उत्तर टाळलं. पहिले दोन महिने सहलीला आल्यासारखेच वाटतात. लिफ्ट बंद पडते, शेजारणीशी खटका उडतो, कोणी आजारी पडतं, तेव्हा जागा कळते.

आधी एक गैरसमज काढून टाकते. हा वृद्धाश्रम नाही. घर आपलं, किल्ली आपली. आंघोळ, कपडे, औषधं ज्याची त्याने बघायची. याला इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणतात. ही कामं करायला माणूस लागत असेल तर ते असिस्टेड लिव्हिंग. त्याचे नियम, कर्मचारी आणि करार सगळंच वेगळं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये 1 जानेवारी 1960 रोजी डेल वेब या बिल्डरने सन सिटी ही निवृत्तांसाठीची वसाहत खुली केली, तिथून ही कल्पना जगभर गाजली. निवृत्तीनंतर खेळा, पोहा, छंद जोपासा, असा तिचा सूर होता. तो मला मनापासून आवडतो. पण खेळायला आलेली माणसंही दरवर्षी एका वर्षाने मोठी होतात, आणि त्याची तयारी किती केली आहे यावरच अशा जागेची खरी पारख होते.

ते मला पाचव्या महिन्यात समजलं. दुपारी हे कॅरम खेळायला गेले होते. बाथरूमच्या दारात पायपुसण्यात पाय अडकला आणि मी पडले. फरशी कोरडी होती, आधाराची दांडीही होती, पण ती हाताच्या टप्प्यात नव्हती. मदतीसाठी ओढायची लाल दोरी वर गुंडाळून दांडीला बांधलेली होती. फरशी पुसताना ती भिजते, मळते, म्हणून सफाईवाल्यांनी तशी बांधली होती, आणि मीही ती रोज बघत होते. चाळीस मिनिटं मी तिच्याकडे बघत पडून होते. हाड मोडलं नाही, हे नशीब. ही दोरी जमिनीपासून जेमतेम चार इंचांवर लोंबायला हवी, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोचतो. नंतर आमच्या मजल्यावरची आठ घरं पाहिली, तर तिघांकडे ती बांधलेलीच होती. ऑफिसने चूक मान्य केली आणि दोन दिवसांत सगळ्या दोऱ्या सोडवल्या. पायपुसणं मात्र मी स्वतःच उचलून टाकलं.

त्यानंतर मी तोल सांभाळण्याच्या व्यायामाला जायला लागले. फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला लावलं. मला 14 सेकंद लागले. 12 किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत 65 वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम करावा असं आहे. घरी असते तर मी एकदाही केला नसता. इथे साडेसातला शेजारीण दार वाजवते, त्यामुळे जावंच लागतं. आता साडेदहा सेकंदांत होतं.

माणसं जोडायला मला वाटलं त्यापेक्षा वेळ लागला. जुन्यांचे गट ठरलेले, डायनिंग हॉलमधल्या जागासुद्धा ठरलेल्या. पहिले तीन-चार महिने ताट घेऊन कुठे बसायचं या विचारानेच मला जेवायला जावंसं वाटत नसे. शेवटी मी वाचनालयात आठवड्यातून दोन दुपारी बसायचं काम घेतलं. नवीन आलेल्यांना मी हेच सांगते: आपण नाही गेलो तर कोणाचं तरी अडेल अशा ठिकाणी नाव द्या. नुसत्या कार्यक्रमाला गेलं की आपण प्रेक्षकच राहतो. यांना रमायला सहा महिने लागले. बंद पडलेले पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या चौघांत हे पाचवे झाले, तेव्हा कुठे "परत जाऊया" म्हणायचं थांबलं. लहान मुलांचा आवाज नाही, याची सवय मला अजून झालेली नाही. नातवंडं किती दिवस राहू शकतात यालाही मर्यादा आहे.

या अकरा महिन्यांत इथली तीन माणसं गेली. पहिल्या वेळी ऑफिसने कोणाला कळवलंच नाही, लोक खचतील म्हणून. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, तेही दारावरची पाटी काढताना पाहून. ते फार लागलं. सगळ्यांनी मिळून सांगितलं की आम्हाला निरोप घेऊ द्या. आता घरच्यांच्या परवानगीने फलकावर फोटो लागतो, आणि संध्याकाळी आम्ही त्या माणसाबद्दल बोलतो.

पैशांचं थोडक्यात: मेंटेनन्स दरवर्षी किती वाढू शकतो, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशांत) किती शिल्लक आहे, दोघांपैकी एक गेल्यावर डिपॉझिटचं काय, हे लेखी घ्या.

करारातलं एक कलम मात्र दोनदा वाचा. माणूस आता स्वतंत्रपणे राहू शकत नाही, हे कोण ठरवणार आणि त्यानंतर किती दिवसांची मुदत? आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विसरभोळेपणा वाढला, रात्री त्या बाहेर पडायला लागल्या. त्यांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या दुसऱ्या केंद्रात हलवावं लागलं, कारण इथे ती सोय नाही. काका इथेच आहेत. रोज दुपारी जातात, संध्याकाळी परततात. एकाच आवारात पुढची सोय असती तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती. घर बघताना आम्ही बाग बघितली, पोहण्याचा तलाव बघितला. हा प्रश्न विचारलाच नाही.

आम्ही करार पुढे चालू ठेवतोय. तुम्ही बघायला जाणार असाल तर आधी न कळवता दुपारी तीनच्या सुमाराला जा, कोण बाहेर बसलंय ते बघा, आणि एखाद्या राहत्या घरातल्या आजींना विचारून त्यांचं बाथरूम बघून या.