डिजिटल ट्विन क्लाउडवर ठेवायचा की कारखान्यातच?

डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या मशीनची कंप्युटरमधली जिवंत प्रतिकृती, एवढं माहितीय असं धरतो. फक्त एक, मशीनचे आकडे आपोआप वर येतात आणि स्क्रीनवर दिसतात, एवढंच असेल तर ती डिजिटल शॅडो, वरून हुकूमही आपोआप मशीनपर्यंत परत जातो तेव्हा तो ट्विन. विकणारे दोन्हींना ट्विनच म्हणतात, असो. नुसती शॅडो हवी असेल तर सरळ क्लाउड घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमच्याकडे आधी सगळं क्लाउडवर होतं. पीएलसीमधून (मशीन चालवणारा कंट्रोलर) गेटवे (आकडे नेटवर पाठवणारा डबा), तिथून एमक्यूटीटीने (आकडे पाठवायची एक पद्धत) वर क्लाउडला, आणि वर प्रत्येक मशीनच्या दोन नोंदी, 'हवं ते' आणि 'आहे ते', दोन्हींत फरक दिसला की ट्विन तो खाली पाठवतो. दिसायला झकास. पण चिलरला (थंड करणारं मशीन) वरून 18 डिग्री दिलेलं, मध्येच नेट गेलं, ऑपरेटरने जॉब बघून पॅनेलवर हाताने 22 केलं, आणि नेट आल्या आल्या ट्विनने चिलर गुपचूप परत 18 वर नेला. हे एकदा नाही, नेट गेलं की व्हायचं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, चिलर मी चालवायचा का तुमच्या कंप्युटरने, एकदाच काय ते सांगा."

हुकमाला मुदत घालता येते, हाताने केलेला बदल ओळखता येतो, नाही असं नाही, पण ते लॉजिक तुम्हालाच लिहून घ्यावं लागतं आणि कोटेशनमध्ये ते सहसा नसतं.

आता ट्विन पॅनेलशेजारच्या इंडस्ट्रियल पीसीवर आहे. ओपीसी यूएने (मशीन आणि कंप्युटरमधली डेटा देवाणघेवाणीची पद्धत) आकड्यासोबत त्याची वेळ आणि तो भरवशाचा आहे का हेही येतं, त्यामुळे शिळा आकडा ताजा म्हणून मिरवत नाही, आणि पॅनेलवर कोणी हात लावला की 'हवं ते' तिथल्या तिथे बदलतं. वर जाते ती फक्त रिपोर्टसाठी कॉपी. कटकट आहेच, यूपीएस, बॅकअप, धूळ, पीसी बसला तर धावायला माणूस लागतो. तीन-चार प्लांट एकत्र बघायचे असतील किंवा जड सिम्युलेशन चालवायचं असेल तर क्लाउड बरा पडेल, त्याबद्दल मी फार ठाम बोलणार नाही. सेफ्टी इंटरलॉक (धोका दिसला की मशीन थांबवणारी सोय) मात्र दोन्हीकडे पीएलसीतच ठेवा, ट्विनच्या भरवशावर नको.

पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायच्या आधी डेमोत नेटची वायर काढायला लावा, पॅनेलवर सेटिंग बदला, वायर परत लावा, आणि मशीन कोणाचं ऐकतं ते बघा.