बांदा दे इपानेमा: रिओत एकच मिरवणूक बघायची असेल तर ही

रिओचा कार्निव्हल म्हटलं की सगळ्यांना सांबाद्रोममधली ती तिकीटवाली परेड आठवते, पिसं, झगमगाट वगैरे. आम्ही भाव बघितले आणि गपचूप टॅब बंद केला. गेलो ते रिओच्याच इपानेमा भागातल्या बांदाला. पूर्ण फुकट, गर्दी अडवणारी दोरी नाही, आधी टीशर्ट विकत घ्या मग आत या असलं काही नाही, चड्डी-चपलेवर जायचं आणि घुसायचं.

बांदा म्हणजे बँड. आपल्याकडचं सांगायचं तर ढोलताशा पथक कमी आणि वरातीतला ब्रास बँड जास्त. वाजवतात जुन्या मार्शिन्या, म्हणजे कार्निव्हलची चालता चालता म्हणायची गाणी, तिथल्या आज्यांनाही पाठ असलेली. ही बांदा 1965 ला पहिल्यांदा निघाली, म्हणजे लष्कराने सत्ता घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी. आल्बिनो पिन्येरू आणि त्याच्या मित्रमंडळींची टवाळखोरी सगळी. बॅनरवर लिहिलेलं असतं 'योलेसमन क्रिसबेलेस', अर्थ शून्य, कुठल्याच भाषेत नाही, पण लष्करवाल्यांना म्हणे तो गुप्त कोड वाटायचा 😄 2004 मध्ये शहराने याच टवाळखोरीला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझा बॉयफ्रेंड, गेलो होतो ते ड्रॅग क्वीन, म्हणजे बायकी थाटात नटून मिरवणारे कलाकार, बघायला, खोटं कशाला बोलू. फार्मे दे आमोएदो ही इथली गे लोकांची गल्ली जवळच आहे. जनरल ओझोरियो चौकात बँड जमतो तिथेच त्या नटूनथटून उभ्या असतात, काहींचं वय साठीपुढचं नक्की, मेकअप घामाने ओघळतोय पण पोझ सोडत नाहीत. शेजारी नवरीच्या वेषातला दाढीवाला बाप्या, त्याच्या शेजारी खांद्यावर पोरगं घेतलेला बाप. मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावरून प्राइडला चाललोय तेव्हा घोषणा, फलक, तो मोर्चाच असतो आणि असायलाच हवा. इथे कोणी काही मागतच नव्हतं. गल्लीचा बँड आहे, गल्लीतले सगळे आलेत, त्यात आपणही, बस. आम्ही हात धरून चालत होतो हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

गोव्यात येतो तसा किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, रिओतही असतो, पोर्तुगीज नात्यातली गोष्ट. पण पणजीची परेड आपण कडेला उभं राहून बघतो, इथे कडाच नाही.

एक जागा मात्र चुकवू नका. नोसा सेन्योरा दा पाझ चर्चसमोर बँड थांबतो आणि 'कारिन्योझू' वाजवतो. ते पिशिंगीन्याचं गाणं, ब्राझीलच्या संगीतातला फार मोठा माणूस. 17 फेब्रुवारी 1973 ला तो याच चर्चमध्ये एका बारशाला गॉडफादर म्हणून आला आणि तिथेच गेला, नेमकी त्याच दिवशी बांदाची मिरवणूक होती. तेव्हापासून ही प्रथा. दोन मिनिटांपूर्वी धिंगाणा घालणारी गर्दी एकदम हळू आवाजात गायला लागते, शब्द एकही कळत नव्हता तरी माझ्या घशाशी आलं. बाजूच्या क्वीनने पापणी सांभाळत डोळे टिपले.

बाकी त्रास म्हणाल तर गर्दी बेक्कार, विसर्जनाला लक्ष्मी रोडवर अडकलात ना तसं समजा. फेब्रुवारी म्हणजे तिथे उन्हाळा, पाणी पीत राहा. टॉयलेटची लाइन हा वेगळाच विषय. फोन चड्डीच्या आत, खरंच, खिशात नाही, माझ्यासमोर एकाचा गेला. मेट्रोचं जनरल ओझोरियो स्टेशन चौकातच आहे, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, बँडवाले समुद्राकडच्या रस्त्याने जाऊन आतल्या रस्त्याने परत येतात तर तेवढं चालणं होतं, हिल्स घालणाऱ्यांनी आपापलं बघावं.

कार्निव्हलच्या शनिवारी आणि मंगळवारी निघते, शिवाय आधी दोन आठवड्यांवरच्या शनिवारी एकदा. आम्ही शनिवारी जाऊन आलो, मंगळवारचा प्लॅन डोंगरावरचा तो मोठा येशू बघायचा होता. तो राहिला. मंगळवारी परत बांदालाच, यावेळी चर्चसमोर आधीच जागा धरून.