नागपूरच्या उन्हाळ्यात रीफ टँक: पंखे की चिलर?

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, एप्रिल-मेमध्ये कोरल पांढरे पडायला लागले की लगेच डोसिंगला (पाण्यात रसायनं घालण्याला) हात लावू नका. दुपारी चारला आणि पहाटे, अशा दोन्ही वेळा पाण्याचं तापमान बघा. मांस शाबूत आहे, पॉलिप (कोरलचे इवले जीव) बाहेर येतात, पण दिव्याकडच्या बाजूने रंग उडत चाललाय, तर बहुधा ते उष्णतेचं ब्लीचिंग. पाणी सतत 29-30 अंशांच्या वर राहिलं की कोरल आपल्यातलं झूझँथेली, म्हणजे त्याला रंग आणि अन्न देणारं सूक्ष्म शैवाल, बाहेर टाकतं. बुडाकडून मांस सुटून सांगाडा दिसत असेल, तर आधी अल्कलिनिटीचा (पाण्याच्या आम्ल पेलायच्या क्षमतेचा) चढउतार तपासा. तिथे नुसतं पाणी थंड करून भागत नाही.

पहिलाच प्रकार असेल आणि खोलीत चोवीस तास एसी नसेल, तर उपाय दोनच उरतात: पाण्यावर वारा मारणारे पंखे, किंवा चिलर, म्हणजे फ्रीजसारखं कॉम्प्रेसरवर पाणी थंड करणारं यंत्र.

पंख्यांची बाजू आपल्याकडे मुंबईपेक्षा भक्कम आहे, कारण मेमधली हवा कोरडी असते. एक लिटर पाणी उडताना जवळपास 0.67 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. 200 लिटरच्या टाकीतून रोज पाच लिटर उडालं, तर सरासरी 140 वॉट उष्णता बाहेर पडते. 12 व्होल्टच्या दोन-तीन पंख्यांवर, तेही बिलात न जाणवता, माझ्या टाकीचं पाणी तीनेक अंश उतरतं.

मात्र पाणी उडालं तरी मीठ मागे राहतं. पाच लिटर गेलं की खारेपणा दर हजारी 35 वरून 35.9 होतो आणि दोन दिवस भर घातली नाही तर 37 च्या घरात जातो. हॅमर, टॉर्च, झोआ हे कोरल मिटलेले दिसले तर म्हणूनच आधी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढावा. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ लावलं की हा प्रश्न मिटतो, पण त्यात शून्य टीडीएसचंच (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी हवं. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो कच्चं पाणी मिसळतो. महिन्याला दीडशे लिटर भर म्हणजे त्यातले सिलिकेट-फॉस्फेट टाकीतच साठणार आणि काचेवर तपकिरी थर धरणार.

इथवर सगळं सांभाळता येतं. माझं मन पंख्यांवरून उतरलं ते कुलरमुळे. खिडकीतला कुलर आणि टाकीवरचा पंखा दोघेही हवेच्या कोरडेपणावरच चालतात, आणि कुलर तो आधी संपवतो. हवा 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या कापडातला थर्मामीटर 23 च्या आसपास उतरतो. कुलर लावलेल्या खोलीत 31 अंश आणि 70 टक्के धरा, तोच साडेसव्वीसवर थांबतो. बाष्पीभवनाने पाणी त्याखाली जाऊच शकत नाही. वर पंप-दिव्यांची उष्णता, म्हणजे टाकी 28-29 वर अडकते. कुलर बंद झाला की हवा पुन्हा कोरडी होते आणि पाण्याचं तापमान वेगळीकडेच जातं. घरात कुणी कधी कुलर लावला यावर ॲक्रोपोरासारखं नाजूक कोरल जगवायचं, हे मला पटत नाही. पावसाळ्यात तर कुलर नसला तरी हवा दमटच असते.

चिलरला दमट हवेचं काही वाटत नाही, त्याला फक्त कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) थंड हवा लागते. इथे कुलर उलट मदतच करतो. चिलर कुलरच्या झोताच्या वाटेवर, पण शिंतोड्यांपासून लांब ठेवा आणि अर्थिंग नीट असू द्या. बंद कॅबिनेटमध्ये कोंबू नका, तो स्वतःची गरम हवा ओढतो आणि शेवटी ट्रिप होतो. चारी बाजूंनी फूटभर जागा सोडा. नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) जाळीवरची धूळ दर आठवड्याला ब्रशने काढा. खोक्यावर 200 लिटरला 1/10 एचपी लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे 1/4 घेतलेला बरा. सेटिंग 26.5, हिवाळ्यात हीटर 25 वर. दोघांत अंतर नसेल तर ते एकमेकांशी भांडत बसतात. ब्लीच झालेल्या टाकीत पाणी दिवसाला एकच अंश उतरवा आणि दिवा निम्म्यावर आणा.

फक्त मशरूम, लेदर असे सॉफ्ट कोरल असतील, किंवा टाकीच्या खोलीत कुलर लागत नसेल, तर पंखे आणि टॉप-ऑफवर निभावेल असं मला वाटतं. एसपीएस (ॲक्रोपोरासारखे छोट्या पॉलिपचे कडक कोरल) ठेवायचे असतील तर पैसे साठवून चिलरच घ्या. तो आला तरी पंखे काढू नका. वीज गेली की साध्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर सहसा उचलला जात नाही. पंखे आणि एक सर्क्युलेशन पंप 12 व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा, पंख्यांचा कंट्रोलर 28 अंशांना लावा आणि पंखे चालू झाल्यावर कुलर बंद करून खिडकी उघडा.