मापं घेतली चौदा, पाठवलं 'फ्री साइज': वाघाच्या डोक्याचा फसवा सौदा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. धान निघतं, दंडार आणि नाटकं लागतात, मागून शाळांचं गॅदरिंग येतं. या दिवसांत वाघ, अस्वल, वानर यांच्या पोशाखाला एकदम मागणी असते आणि 'तुमच्या मापाने बनवून देतो' म्हणणारेही नेमके तेव्हाच फोनवर भेटतात. आमच्या मंडळाने अशाच एकाकडून तोंड हलणारं वाघाचं डोकं, दोन पंजे आणि शेपूट मागवली. ९,५०० रुपये ठरले. ६,५०० आधी दिले, उरलेले पार्सल निघायच्या आदल्या दिवशी. आलेली वस्तू मापाची नव्हती.

विश्वास बसला तो मापांमुळे. "भाऊ, टेप भुवईच्या वरून, कानाला न दाबता फिरवा," असं सांगत त्याने चौदा मापं लिहून घेतली. डोक्याचा घेर, डोळा ते हनुवटी, तोंड मिटून आणि उघडून हनुवटीतला फरक, मनगट, तळवा, कंबर. इतकं बारीक विचारणारा माणूस कारागीरच असणार, असं कोणालाही वाटेल. पण मापं विचारायला कारागिरी लागत नाही. ती लावायला लागते.

डोकं हातात आलं तेव्हा आतला घेर भरला ६४ सेंमी. दिलेलं माप ५७ होतं. हनुवटीपासून डोळ्यापर्यंत ११ सांगितले होते, आले १५. म्हणजे हनुवटी जबड्यात बसवली की वाघाचे डोळे घालणाऱ्याच्या कपाळावर, आणि समोर काळोख. जबडा हलेना. आतलं काळं अस्तर उसवलं तेव्हा कारण दिसलं. जबड्याचं इलॅस्टिक जबड्याला नव्हतंच, नुसत्या अस्तरावर चार टाके घालून ठेवलेलं. टाळूला थर्माकोलचा गोळा, खाली जत्रेत मिळतो तसला प्लास्टिकचा मुखवटा, आणि त्याच्या कडेला बोटभर चिठ्ठी: 'फ्री साइज'.

फर तर त्याहून वाईट. फरच्या कापडाला लव असते, म्हणजे केस एकाच दिशेला झुकलेले असतात. ती नाकाकडून मागे, कानाकडून मानेकडे जायला हवी. इथे उरलेले तुकडे जोडताना डावा गाल उलटा लागला होता. दिवसा ते फारसं जाणवत नाही, पण स्टेजच्या हॅलोजनखाली एक गाल उजळ आणि दुसरा काळपट दिसतो. चिकटवायला पांढरा लाकडाचा गोंद वापरलेला. तो घामाने, रात्रीच्या दवाने मऊ पडतो आणि फरच्या कडा सुटतात. अशा कामाला रबरी गोंदच हवा, चपला आणि सोफ्यांना लावतात तो, फेविकॉल एसआर ९९८सारखा. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं बोटाला न लागेपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. ग्लू गनवर सगळं डोकं उभं करणाराही टाळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं डोकं त्या गोंदावर टिकत नाही, सांधे उकलतात.

फर चढली की आतली सगळी चोरी झाकली जाते, ही यातली खरी मेख आहे. म्हणून पुढच्या वेळी आगाऊ रक्कम थोडी द्या आणि दुसरा हप्ता कच्च्या सांगाड्यावर ठेवा. फर लावण्याआधीच्या नुसत्या फोमच्या डोक्याचा व्हिडिओ मागा. आत टेप फिरवलेली दिसली पाहिजे, जबडा हाताने उघडून दाखवला पाहिजे, आणि बाजूला तुमचं नाव व त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद हवा. खरा कारागीर याला दोन मिनिटांत तयार होतो, कारण त्याच्यापुढे तो सांगाडा पडलेलाच असतो. आम्हाला 'काम चालू आहे' म्हणून आले ते सगळे फोटो तयार डोक्याचे होते, आणि नीट पाहिलं तर एका फोटोत कानाची टोकं गोल, दुसऱ्यात टोकदार.

फसलेलं डोकं फेकू नका, बरंचसं सुधारतं. पण आधी टेप लावून प्रत्येक दोषाचा फोटो घ्या. दुरुस्ती केली की पुरावा जातो.

घेर ७ सेंमी जास्त आहे म्हणून लोक आत बोटबोट जाडीचा फोम कोंबतात आणि मग डोकं शिरतच नाही. घेरातल्या ७ सेंमीचे सगळीकडून जेमतेम ११ मिमी होतात. गादीवाल्याकडून १५ मिमीचा मऊ फोम आणा. कपाळ, दोन कानशिलं आणि मागची बाजू अशा चार गाद्या लावा, मध्ये मोकळ्या फटी ठेवा. फोम थोडा दबतो आणि फटींतून हवा खेळते.

डोळे वर राहिले असतील तर टाळूला भर घालू नका, त्याने डोकं आणखी वर जातं. उलट टाळूचं थर्माकोल काढा. मुखवटा ४ सेंमी खाली आला की डोळे जुळतात. मग हनुवटी जबड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जबड्यात ४ सेंमी जाड फोमची वाटी बसवा. जबड्याची बिजागरी कानाच्या पुढे, आपला जबडा जिथे हलतो त्याच रेषेत हवी. रेक्झिनची ४ सेंमी रुंद पट्टी पुरते. बंद करायला दोन्ही गालांत २० मिमीचं इलॅस्टिक, टोकं सांगाड्याला पक्की शिवून. अस्तराला कधीच नाही. शेपटीचंही तेच: फरला शिवलेली शेपूट पहिल्या उडीत फर घेऊन तुटते. आत निवारीचा पट्टा घाला आणि तो कमरेच्या पट्ट्यात ओवा.

उलटा गाल काढून नवा लावायचा तर फर कात्रीने कापू नका. मागून ब्लेडने फक्त कापड कापा, केस आपोआप सुटे होतात. नागपूरला गांधीबागेत विचारलं तर मीटरने कापड मिळतं. घेताना हात फिरवून लव कुठे जाते ते बघा आणि मागे बाण काढूनच घरी आणा.

तक्रार केल्यावर आम्हाला दुसरा फास टाकला गेला. "भाऊ, पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. आमच्यातल्या एका पोरीने वेळेत हात धरला म्हणून वाचलो.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. ठरल्यापेक्षा वेगळा माल आला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. व्हॉट्सअॅपवरची बोलणी लगेच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, समोरचा ती पुसतो. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, पैसे पाठवल्याचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, मापांचा पाठवलेला कागद आणि उसवलेल्या अस्तरातून निघालेली ती 'फ्री साइज'ची चिठ्ठी, सगळं एका पाकिटात ठेवा.