तान्ह्या बाळाचे डी-३ ड्रॉप्स: मेडिकलवरच्या बाटल्यांची पारख

पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन डी द्यावं, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आईच्या दुधात डी अगदी थोडं असतं, आणि सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत काढलेल्या बाळंतिणीच्या दुधात तर त्याहून कमी. पण वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या तालुक्याच्या मेडिकलवर नुसतं ‘डी-३ द्या’ म्हटलं, तर हातात काय पडेल याचा नेम नाही. नाव कोणतंही असो, लेबलवर एका एमएलमागे किती आययू लिहिलेत ते आधी वाचा.

एमएलमागे ८०० आययूची बाटली सर्रास मिळते. तिचा डोस अर्धा एमएल, म्हणजे १५ एमएलची बाटली ३० दिवस पुरते. औषध चांगलं आहे, खोट ड्रॉपरमध्ये आहे. तो बहुधा १ एमएलचा असतो आणि अर्ध्याची खूण इतकी फिकट, की संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. ड्रॉपर गच्च भरला की डोस दुप्पट. एखाद्या दिवशी तसं झालं तर बिघडत नाही, कारण सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची वरची मर्यादा रोजची १००० आययू आहे. पण तीच बाटली १५ दिवसांत संपली, तर घरात मोजमाप चुकतंय.

४०० आययू प्रति एमएल ही बाटली लवकर संपते, दिवसामागे महागही पडू शकते. तरी आमची पसंती हिलाच. आई कापूस वेचायला गेली आणि आजीने डोस दिला, तरी १ एमएलच्या खुणेपर्यंत भरायचं एवढंच लक्षात ठेवावं लागतं. एका थेंबात ४०० आययू असलेले तेलातले ड्रॉप्स द्यायला सोपे, पण हात हलून तीन थेंब पडले की १२०० झाले. नजर आणि हात दोन्ही पक्के असतील त्यांनीच घ्यावेत.

६०,००० आययूची पुडी किंवा ५ एमएलची छोटी बाटली तान्ह्या बाळासाठी घरी आणूच नका. त्या बाटलीतल्या १ एमएलमध्ये १२,००० आययू असतात, म्हणजे बाळाचा महिन्याचा डोस एका घोटात. मोठ्यांसाठी आणलेली असेल तर बाळाच्या औषधांपासून लांब ठेवा. मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स चालू असतील तर त्यातलं डी आधी मोजा, नाहीतर दोन्हीकडून जातं.

बाटली हलवून, बाळाचं डोकं जरा वर धरून, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावं. थेट घशात सोडलं की ठसका लागतो. बाटलीच्या दुधात मिसळू नये. दूध उरलं की डोसही उरला. सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचं सिरप देतात. त्याचा ड्रॉपर याला आणि याचा त्याला लावू नका, दोघांची मापं वेगळी.

आता उन्हाळा. चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. लेबलवर मात्र २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. बाटली खोक्यातच, खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायची का, हे लेबल सांगेल.

सकाळचं कोवळं ऊन दाखवून हे काम भागत नाही. त्वचेत डी बनवणारे किरण त्या वेळी फार कमी असतात, आणि ते भरपूर असतात त्या दुपारी मे महिन्यात बाळाला कोण बाहेर काढणार!

निरोगी बाळाची रक्त तपासणी सरसकट लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलीच तर २० नॅनोग्रॅम प्रति एमएलच्या वर पुरेसं, १२ च्या खाली कमतरता. मुडदूस (डीच्या कमतरतेने हाडं मऊ पडण्याचा आजार) निघाला तर उपचाराचा डोस वेगळा आणि बराच मोठा असतो, तो डॉक्टरच ठरवतात. ड्रॉप्स चालू असताना बाळ वारंवार ओकू लागलं, दूध सोडलं, शी कडक झाली, लघवी फार होऊ लागली, तर ते थांबवून बाटलीसकट ग्रामीण रुग्णालय गाठा.