वायर्ड स्मार्ट डोअरबेल: बेल झकास, करंटचं तेवढं बघा

बेलला चार स्टार, डब्यात आलेल्या ट्रान्सफॉर्मरला शून्य. नणंदेने न्यू जर्सीहून आणलेली, तिकडे भिंतीतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 16 व्होल्ट एसी बेलपर्यंत येतो, सोबत दिलेला पण 120 व्होल्ट 60 हर्ट्झचा, म्हणजे आपल्या 230 च्या प्लगात घातला की धूरच, तो कपाटात ठेवून दिलाय. आणि आपल्याकडे जुन्या बटनापर्यंत थेट 230 जातो, तिथे ही बेल जोडायचा विचारसुद्धा नको, हिला 16 ते 24 व्होल्ट एसी लागतो.

वायरमनने 16 व्होल्ट 1 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि फाटकापर्यंत आधीच पुरलेली टेलिफोनची वायर वापरली. दिवसा काही तक्रार नाही, व्हिडिओ एकदम क्लियर. पण अंधार पडला की बेल आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायची, पहाटे पोदेर (आमच्या गोव्यातला पाववाला) भोंगा वाजवत येतो तेव्हा तर ॲपवर कायम ऑफलाइन. ज्याला विचारावं तो म्हणे वायफाय, राउटर बदला. अहो, वायफाय दिवसा-रात्री तेच असतं ना! रात्री फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड लाइटचा, ते पेटले की बेल जास्त करंट ओढते.

मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजलं (फक्त बेलच्या बाजूच्या वायरींवर हां, 230 च्या बाजूला हात घालायचं काम वायरमनचं). घरात ट्रान्सफॉर्मरजवळ, त्याला काही जोडलेलं नसताना 17 च्या वर, फाटकावर बेल जोडलेली आणि रात्रीची वेळ, तर 13 च्या आसपास! बेल काढून मोजलं तर तिथेही 17 दिसतात, त्यामुळे लोड असताना, म्हणजे बेल जोडून चालू असतानाच मोजायचं, नाहीतर काही कळत नाही. हिशोब सोपा आहे, फाटक तीसेक मीटरवर, वायर जाऊन येऊन साठ मीटर, टेलिफोनच्या अर्धा मिलिमीटरच्या तारेचा रेझिस्टन्स त्यात 5 ओमच्या आसपास, म्हणजे अर्धा अँपिअर ओढला तरी अडीच व्होल्ट वाटेतच गुल. त्यात पावसाळ्यात जॉइंट हिरवे पडलेले, ते वेगळंच.

उपाय म्हणजे 1 स्क्वेअर मिलिमीटरची कॉपर वायर पाइपातून टाकली, जॉइंटवर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि ट्रान्सफॉर्मर 9-0-9 चा 2 अँपिअरवाला, मधली वायर सोडून दोन टोकांवर 18 व्होल्ट मिळतात, प्लॅस्टिक बॉक्समध्ये फ्यूजसकट. 24 चा मुद्दाम नाही घेतला, असे ट्रान्सफॉर्मर लोड नसला की लिहिल्यापेक्षा जास्त देतात आणि आमच्या डिचोलीला रात्री लाइनचं व्होल्टेज वाढलं की बेलची लिमिट ओलांडायची. दुकानदार सीसीटीव्हीचा 12 व्होल्टचा अडाप्टर पुढे करतात, तो डीसी असतो, या बेलला चालत नाही. आणि घरात जुनी टिंगटाँग जोडणार नसाल तर मॅन्युअल नीट वाचा, काही मॉडेलना सिरीजमध्ये रेझिस्टर लागतो, तो न घालता डायरेक्ट दिलं तर बेल जळू शकते.

आता रात्री एकदाही बंद पडत नाही, चतुर्थीला एवढी माणसं आली-गेली, सगळी दिसली. फाटक दाराला लागून असेल तर एवढी उठाठेव करायची गरजच नाही, बारीक वायरही चालून जाईल. लांब असेल तर वायर आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरूनच बेल मागवा.

एक स्टार कापला तो बॅटरी नाही म्हणून. लाइट गेली की बेल मेली, आणि पावसात आमच्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, पण साइन वेव्हवाला हवा, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतो आणि तापतो.