ब्रह्मगिरीच्या जंगलातलं अत्तर, म्हणे!

नाशिकमध्ये प्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला की लोणची, खादीचे कुर्ते आणि पितळी समया यांच्या रांगेत एखादा अत्तरवाला हमखास असतो. त्यातल्या एका विशिष्ट प्रकारच्या विक्रेत्याबद्दल हे लिहिते आहे. हा गुलाब-मोगरा ठेवत नाही. वाळा, नागरमोथा, दवणा, पाच (म्हणजे पॅचुली) आणि मातीचं अत्तर, एवढाच त्याचा माल. मागे हिरवं कापड, पुढ्यात वाळ्याच्या मुळ्यांची जुडी, आणि पाटी: शंभर टक्के नैसर्गिक, जंगलातून थेट तुमच्यापर्यंत.

गोड वासांनी माझं डोकं उठतं, त्यामुळे मी वर्षानुवर्षं हीच मातकट, हिरव्या वळणाची अत्तरं लावते. आणि मराठी घरात हे वास काही परके नसतात. उन्हाळ्यात माठात वाळा असतो, दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, चैत्रात देवाला दवणा. वेणीत पाच आणि मरवा माळणाऱ्या बायका अजूनही आहेत. आपल्याला वाटतं, या वासांत आपल्याला कोण फसवणार? तो विक्रेता नेमका याच भरवशावर धंदा करतो.

माणूस बोलायला अत्यंत गोड. माझ्याबरोबर वहिनी होत्या. त्यांच्या मनगटावर काडी टेकवत म्हणाला, "ताई, मला काही विचारूच नका. तुमच्या नाकाला विचारा." मग त्याने कनौजची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या अत्तरांच्या गावाची, सगळी हकिगत सांगितली. तांब्याचा डेग, त्याच्या तोंडाला चिकणमातीचा लेप, बांबूची नळी, पाण्यात ठेवलेला भपका, म्हणजे अत्तर जमा होतं ते भांडं, डेगाखाली गोवऱ्या-लाकडांची धग, आणि भपक्यात आधीच ओतून ठेवलेलं चंदनाचं तेल, ज्यात वास उतरत जातो. रूह म्हणजे नुसतं तेल, अत्तर म्हणजे चंदनाच्या पायावर उतरवलेलं, हा फरकही त्याने नीट समजावला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्याला ठाऊक होतं.

थाप त्यानंतर आली, आणि तीही खास नाशिककरांसाठी बेतलेली. म्हणे माल कनौजच्या पद्धतीचा, पण वनस्पती आपल्या त्र्यंबकच्या. वाळा आणि पाच ब्रह्मगिरीच्या जंगलातून आदिवासी बांधवांनी गोळा केलेली, माती गोदाकाठची. आता बघा, पाचेचं तेल जगात सर्वांत जास्त येतं ते इंडोनेशियातून, आणि तेही लावलेल्या पिकाची पानं सुकवून. दवणाही रानात वेचत नाहीत. तो शेतात घेतात, मुख्यतः कर्नाटकात, आणि आपल्याकडे सासवड-जेजुरीच्या बाजूला देवासाठी. जंगलाचं नाव घेतलं की शहरातल्या माणसाचा हात खिशाकडे जातो, एवढाच त्या ब्रह्मगिरीचा संबंध.

पण त्या थापेने मी फसले नसते. माल खपतो तो त्याने करून दाखवलेल्या परीक्षांमुळे, आणि त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

आधी कागद. वाळ्याच्या कुपीतला थेंब त्याने पांढऱ्या कागदावर टाकला, टेबलावरच्या दिव्याजवळ धरला, आणि बघता बघता कागद कोरा. "तेलाची भेसळ असती तर डाग राहिला असता की नाही?" आजूबाजूच्या चार बायकांनी माना डोलावल्या. लिंबू, संत्रं, निलगिरी अशा हलक्या तेलांना ही परीक्षा काही अंशी लागू पडते. वाळा, पाच, चंदन ही मात्र जड तेलं. ती उडायला फार वेळ घेतात, म्हणून तर अत्तराला टिकाऊपणा येतो. शुद्ध वाळ्याचा थेंब कागदावर डाग ठेवतोच, आणि वास कित्येक दिवस राहतो. दोन-चार मिनिटांत कागद कोरा झाला, तर त्या थेंबात वाळा नाही, झटकन उडून जाणारं काहीतरी आहे. म्हणजे ज्याला तो शुद्धतेचा पुरावा म्हणत होता, तो उलट भेसळीचा होता.

मग पाणी. काचेच्या ग्लासात थेंब टाकला, तो सरळ तळाशी गेला. "अस्सल वाळा जड. बुडणारच." वाळ्याच्या तेलाची घनता साधारण पाण्याइतकीच असते, किंचित इकडे-तिकडे. थेंब रेंगाळतो, तरंगतो, कधी सावकाश खाली जातो. सुसाट तळ गाठतं ते डायइथाइल थॅलेट, धंद्यातल्या भाषेत डीईपी. घनता १.१२ च्या आसपास, रंग नाही, वास जवळजवळ नाही, आणि अत्तरात भर घालायला स्वस्त.

शेवटी स्पिरिट. छोट्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये त्याने थेंब हलवला, द्रव काचेसारखा स्वच्छ राहिला. पॅराफिन किंवा खायचं तेल मिसळलेलं असतं तर तो गढूळ झाला असता, हे खरं. पण डीईपी स्पिरिटमध्ये बेमालूम विरघळतं. डीपीजी नावाचं दुसरं स्वस्त पातळकही तसंच. चोर ज्या वाटेने येणार नाही, तिथेच पहारा ठेवण्यासारखं हे.

आता एक गोष्ट लक्षात आली का? कागदावरून उडून जाणारा द्रव आणि पाण्यात दगडासारखा बुडणारा द्रव एकच असू शकत नाही. त्याच्या टेबलावर वाळ्याच्या एकाहून जास्त कुप्या होत्या, सगळ्यांवर तीच चिठ्ठी. प्रत्येक परीक्षेला तो वेगळी कुपी उचलत होता. हात इतका सफाईदार, आणि तोंड इतकं चालू, की पाहणाऱ्याचं लक्ष थेंबावर राहतं, कुपीवर जात नाही. आणि मनगटाला लावायची काडी आणखी तिसऱ्याच कुपीतली. ती मात्र बऱ्यापैकी खरी होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

पाच कुप्यांचा संच २,८०० रुपयांना घेतला. पैसे यूपीआयने. बंद खोकं त्याने टेबलाखालून काढून दिलं.

घरी लावल्यावर पहिला अर्धा तास वास ताजा, ओल्या गवतासारखा, छान. कापलेल्या गवताचा तो वास ज्यामुळे येतो ते रसायन कारखान्यात सहज बनतं आणि तितक्याच सहज उडतं. त्यानंतर मागे उरला तो साबणाच्या वडीसारखा फिका दर्प, आणि संध्याकाळपर्यंत तोही नाही. खरा वाळा याच्या बरोबर उलट वागतो. सुरुवातीला जरा धुरकट, कच्च्या मुळासारखा, कधी नकोसाच वाटतो, आणि तासाभराने उघडतो. ओढणीला लागला तर पुढच्या धुण्यापर्यंत सोबत करतो. माझ्या ओढणीवर वास नाही, पण पोपटी डाग मात्र राहिला. तांब्याच्या डेगातल्या रूह खसला, म्हणजे वाळ्याच्या रूहला, हिरवी झाक असते, हे त्याने सांगितलं ते खरंच. पण ती गडद, शेवाळी असते, आणि तेल दाट असतं. स्टीलच्या भांड्यात काढलेला वाळा तर तपकिरीच निघतो. सरबतासारखा पारदर्शक पोपटी रंग हा रंगच.

दवण्याची कुपी उघडली तेव्हा उरलासुरला संशय गेला. दवण्याच्या तेलाला पिकल्या फळासारखा, जवळजवळ मुरांब्यासारखा दाट गोडवा असतो. इथे पुदिना आणि तेच गवत.

भाचा अंबडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. त्याने वाळ्याची कुपी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, लावून पाहिली. वाळ्याचं तेल फार गुंतागुंतीचं, शंभराहून जास्त घटकांचं. आलेख काढला तर बुटक्या सुळक्यांचं दाट रान दिसायला हवं. इथे डीईपीचा एक उंच सुळका आणि बाजूला चार-दोन खुरटे. "मावशी, हे पातळक आहे, वास लावलेलं. कानात फाया तेवढा घालू नकोस," एवढं बोलून त्याने बाकीच्या कुप्याही ठेवून घेतल्या. नागरमोथ्याच्या कुपीत थोडा खरा नागरमोथा निघाला, हे न्यायाने सांगायला हवं. ते तेल वाळ्याच्या मानाने स्वस्त आहे, आणि चिमूटभर घातलं तरी मातकटपणा येतो. आणि प्रत्येक कुपी तोळ्याची, म्हणजे १२ मिलीची म्हणून दिलेली. मोजपात्रात ९ मिलीही भरली नाही. जाड बुडाच्या काचेचा फायदा.

मातीच्या अत्तराला यंत्राचीही गरज नव्हती. खरं मातीचं अत्तर म्हणजे भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला. आपल्याकडच्या चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या पायाचेच हजाराहून जास्त झाले. त्यात माती, मजुरी, कुपी, नफा काहीच धरलेलं नाही. तो ते सुटं ६०० रुपयांना देत होता. स्वस्त मातीचं अत्तर मिळतं, मीही वापरलं आहे, पण त्याचा पाया पॅराफिनचा किंवा डीईपीचा असतो आणि प्रामाणिक दुकानदार तसं सांगतो. आपली तक्रार स्वस्त मालाबद्दल नसून त्याला चंदनाचं नाव देण्याबद्दल आहे.

पैसे परत मिळवण्याचं म्हणाल तर कहाणी लांबत नाही. बिलावर दुकानाचं नाव होतं, पत्ता नव्हता, मोबाइल बंद. आयोजक म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, परवाना क्रमांक यांपैकी काहीच नाही. अत्तर हे कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतं, त्यामुळे हे सगळं कोरं असणं हाच एक गुन्हा. त्यासाठी अन्न व औषध प्रशासन आणि मापासाठी वैधमापन विभाग, दोन्हीकडे अर्ज दिले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, तक्रार कोणाविरुद्ध? यूपीआयच्या नोंदीत जे नाव उमटलं होतं ते दुकानाचं नव्हतं, कोणा व्यक्तीचं होतं. तोच एक धागा हाती आहे. म्हणून सांगते, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचं नाव येतं ते पैसे पाठवण्याआधी वाचा. पाटीवरचं नाव आणि हे नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका.

मी आता भद्रकालीतल्या एका जुन्या दुकानात जाते. त्यांच्याकडे कागदाची पट्टी मागितली की ते ज्या कुपीतून विकणार त्याच कुपीत बुडवून देतात, वर पेनाने तारीख घालतात. पट्टी घरी आणायची, कपाटात टांगायची आणि दोन-तीन दिवसांनी हुंगायची. माती, वाळा, पाच ही अत्तरं उभ्या उभ्या पारखताच येत नाहीत. त्यांची खरी ओळख तळाच्या वासात असते आणि तो यायला वेळ लागतो. "आजच घ्या, उद्या स्टॉल नाही" असं म्हणणाऱ्याला ही पट्टी परवडत नाही. महाग रूह किंवा चंदन घ्यायचं असेल तर तपासणीचा अहवाल मागायलाही लाजू नये. कनौजमध्ये १९९१ पासून केंद्र सरकारचं सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, तिथे नमुने तपासून मिळतात. दुकानदार अहवालाचं नाव काढताच चिडला, तर तेही उत्तरच.

हे सगळं आत्ताच लिहिण्याला कारण आहे. परवा वहिनींना नाशिकरोडच्या एका प्रदर्शनात तोच संच दिसला. खोकं तेच, नाव नवीन, किंमत ३०० रुपयांनी कमी, आणि टेबलामागे वेगळा मुलगा. कागदाची परीक्षा मात्र शब्दशः तीच. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर आणि त्र्यंबकला बाहेरगावची लाखो माणसं येतील. ब्रह्मगिरीचं नाव तेव्हा आणखी महाग होईल.

कोणाकडे अशा पोपटी कुप्या असतील तर त्या फेकू नका, खोकंही ठेवा, आणि यूपीआयच्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार एकाच विक्रेत्याकडून फसलेल्या अनेक ग्राहकांना जिल्हा आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझ्या नोंदीतलं नाव तुमच्या नोंदीतही असेल, तर अर्ज लिहायला मी बसते.